डॅशबोर्डवरचा चार्ट डेटाप्रमाणे आपोआप लहान-मोठा का होत नाही? जाणून घ्या ‘पॉवर बीआय’मधली अडचण आणि तिच्यावरचे जुगाड

सोमवारची सकाळ, दहाची मीटिंग, भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्यावर विक्रीचा डॅशबोर्ड. ऑफिसात काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हे चित्र ओळखीचं असेल. काही वर्षांपूर्वी अशाच एका मीटिंगमध्ये मी बनवलेला रिपोर्ट लागला होता. शेतीपंप विकणारी कंपनी, महाराष्ट्रातले ३६ जिल्हे आणि प्रत्येक जिल्ह्याची महिन्याची विक्री आडव्या पट्ट्यांच्या चार्टमध्ये. सगळ्यात जास्त विक्रीचा जिल्हा वर, सगळ्यात कमी विक्रीचा तळाला. दिसायला एकदम टापटीप. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दोन महिन्यांनी कळलं, की तळाच्या दोन जिल्ह्यांत विक्री निम्म्यावर आली होती आणि मीटिंगमधल्या एकाही माणसाने ती पाहिली नव्हती.

आकडे रिपोर्टमध्ये होते. बरोबर होते. पण चार्टच्या चौकटीत मावत होते फक्त १२ जिल्हे. उरलेले २४ खाली दडलेले, स्क्रोल केलं तरच दिसणारे. आता भिंतीवरच्या टीव्हीवर स्क्रोल कोण करणार? बाजूला एक बारीक राखाडी पट्टी होती, ती पाच फुटांवरून कुणाच्याच लक्षात आली नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हा चार्ट स्वतःहून मोठा का होत नाही? पुणे विभाग निवडला की पाच जिल्हे दाखवायचे, अख्खं राज्य निवडलं की ३६. मग चौकटीनेही त्याप्रमाणे लहान-मोठं व्हायला काय हरकत आहे? शाळेतलं पोरही विचारेल असा हा प्रश्न. पण रिपोर्ट बनवणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती कधी ना कधी याच प्रश्नावर अडते आणि उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

आधी कॅनव्हास म्हणजे काय ते बघू

मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवर बीआय’ २०१५ च्या जुलैमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. कंपनीचा डेटा घ्यायचा, त्याचे चार्ट, तक्ते, नकाशे बनवायचे आणि ते एका पानावर मांडायचे, हे त्याचं काम. या प्रत्येक चार्टला, तक्त्याला तिथे ‘व्हिज्युअल’ म्हणतात आणि ज्या पानावर ते मांडायचे तो ‘कॅनव्हास’.

नवीन पान उघडलं की त्याचा आकार ठरलेला असतो, १२८० पिक्सेल रुंद आणि ७२० पिक्सेल उंच. टीव्हीच्या पडद्यासारखं १६ बाय ९ चं प्रमाण. तुम्ही एखादा चार्ट त्यावर ओढून ठेवला, की सॉफ्टवेअर चार आकडे लिहून ठेवतं. डावीकडून किती अंतरावर, वरून किती अंतरावर, रुंदी किती आणि उंची किती. एकावर एक व्हिज्युअल ठेवले तर कोणता वर आणि कोणता खाली, यासाठी पाचवा आकडा. बस, विषय संपला. हे आकडे रिपोर्ट बनवताना ठरतात. नंतर रिपोर्ट बघणाऱ्याने काहीही निवडलं, डेटा दहापट झाला किंवा शून्यावर आला, तरी ते हलत नाहीत.

हे एसटीच्या आरक्षणासारखं आहे. १४ नंबरची सीट तुमची म्हणजे तुमचीच. तुम्ही गाडीत चढलाच नाहीत तरी ती रिकामी जाईल, पण शेजारचा माणूस पसरून बसणार नाही. याउलट मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथा आला की ‘जरा सरका’ म्हणतो आणि सगळे सरकतात. एक उठला की बाकीचे ऐसपैस होतात. आपल्याला हवा असतो लोकलचा बाक आणि पॉवर बीआय देतं एसटीची सीट.

याच सॉफ्टवेअरमध्ये बाकी कितीतरी गोष्टी डेटाप्रमाणे बदलता येतात. पट्टीचा रंग बदलता येतो, चार्टचं शीर्षक बदलता येतं, बटणावरचा मजकूर बदलता येतो. त्या त्या सेटिंगशेजारी ‘एफएक्स’ असं छोटं चिन्ह दिसतं, तिथे सूत्र जोडायचं की झालं. नवशिक्या माणूस साहजिकच उंची-रुंदीच्या सेटिंगपाशी जातो आणि तेच चिन्ह शोधतो. तिथे ते नाही. मी स्वतः ते अर्धा तास शोधत बसले होते.

३६ गुणिले २०

आता माझ्या चार्टमध्ये १२ च जिल्हे का दिसले, याचा हिशेब बघा. आडव्या पट्ट्यांच्या चार्टमध्ये प्रत्येक पट्टीसाठी किमान किती उंची राखायची याची एक सेटिंग असते. मूळ आकडा आहे २० पिक्सेल. त्यापेक्षा कमी जागा मिळू लागली, की सॉफ्टवेअर पट्ट्या आणखी बारीक करत नाही, सरळ स्क्रोल लावतं. जिल्ह्यांची नावं वाचता यावीत म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे.

माझ्या चार्टची उंची होती ३०० पिक्सेल. त्यातले साधारण ६० शीर्षक आणि खालच्या आकड्यांनी खाल्ले. उरले २४०. भागिले २०, म्हणजे १२ जिल्हे. आणि सगळे ३६ जिल्हे दाखवायचे तर ३६ गुणिले २०, म्हणजे ७२० पिक्सेल. मजा बघा, ७२० म्हणजे अख्ख्या पानाची उंची! शीर्षकालाही जागा उरली नसती.

उलट पुणे विभाग निवडला, की पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे. त्याच २४० पिक्सेलमध्ये पाच पट्ट्या, प्रत्येकीला ४८. जाडजूड, फळकुटासारख्या. छत्रपती संभाजीनगर विभागात आठ जिल्हे, तिथे ३० पिक्सेल, ते बरं दिसतं. म्हणजे एकच चौकट एका विभागाला सैल होते, दुसऱ्याला बरोबर बसते आणि राज्याला फाटेस्तोवर घट्ट होते.

‘पण मोठ्या टीव्हीवर जास्त दिसेल ना?’ हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारलाय. नाही दिसत. पान पडद्याला बसवण्याचे तीन पर्याय असतात. अख्खं पान मावेल असं, रुंदीला मावेल असं किंवा मूळ आकारात. पहिला पर्याय असेल आणि रिपोर्ट पूर्ण पडद्यावर लावला, तर १९२० बाय १०८० च्या टीव्हीवर १२८० बाय ७२० चं पान बरोबर दीडपट होतं. अक्षरं मोठी होतात, पट्ट्या मोठ्या होतात, पण त्या १२ च्या १२ च राहतात. फोटो मोठा करून छापला म्हणून त्यात जास्त माणसं येत नाहीत, तसंच हे.

मोबाईलचंही तेच. मोबाईलसाठी वेगळी मांडणी करता येते, पण तीही आधीच करून ठेवावी लागते. तिथेही चौकटी ठरलेल्याच.

पहिला जुगाड : दोन चार्ट, एक बटण

पॉवर बीआय वापरणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त चालणारी युक्ती म्हणजे बुकमार्क. पुस्तकात खूण घालतो तशी ही खूण पानाची अवस्था लक्षात ठेवते. कोणते फिल्टर लागलेत, कशाने क्रम लावलाय, कोणता व्हिज्युअल दिसतोय आणि कोणता लपलाय, हे सगळं. एक गोष्ट मात्र ती लक्षात ठेवत नाही, ती म्हणजे व्हिज्युअलची जागा आणि आकार! चार्ट लहान करून एक बुकमार्क, मोठा करून दुसरा, असं करून बघितलं तर दोन्ही वेळा चार्ट शेवटच्या आकारातच दिसतो. इथे भलेभले फसतात.

म्हणून करायचं काय, तर त्याच चार्टच्या दोन प्रती ठेवायच्या. एक लहान, एक पानभर मोठी. ‘सिलेक्शन’ नावाच्या पट्टीत पानावरच्या सगळ्या वस्तूंची यादी दिसते, तिथे प्रत्येकीसमोर डोळ्याचं चिन्ह असतं. मोठी प्रत लपवली, लहान दाखवली की एक बुकमार्क. लहान लपवून मोठी दाखवली की दुसरा. मग दोन बटणं बनवायची आणि प्रत्येकाला एक बुकमार्क जोडायचा. बघणाऱ्याला वाटतं, बटण दाबलं आणि चार्ट मोठा झाला. खरं तर एक नट आत गेला आणि तसाच कपडे घातलेला दुसरा बाहेर आला.

यात एक खड्डा आहे आणि तो गंभीर आहे. बुकमार्कच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की ‘डेटा’, ‘डिस्प्ले’ आणि ‘करंट पेज’ असे पर्याय दिसतात. तिन्हींवर खूण केलेली असते. यातली ‘डेटा’वरची खूण काढायची. नाही काढली तर काय होतं? समजा तुम्ही बुकमार्क बनवला तेव्हा एप्रिल महिना निवडलेला होता. बघणाऱ्याने ऑगस्ट निवडला आणि चार्ट मोठा करायचं बटण दाबलं. चार्ट मोठा होतो आणि गुपचूप एप्रिलवर जातो. बघणारा एप्रिलचे आकडे ऑगस्टचे म्हणून वाचतो, वर मीटिंगमध्ये सांगतोही. कुठलीही लाल खूण येत नाही, इशारा येत नाही. त्यामुळे बुकमार्क बनवताना ‘डेटा’ बंद आणि ‘ऑल व्हिज्युअल्स’ऐवजी ‘सिलेक्टेड व्हिज्युअल्स’, एवढं डोक्यात पक्कं करून ठेवा.

दुसरी कटकट देखभालीची. प्रती दोन, म्हणजे रंग बदलायचा तर दोन ठिकाणी, सूत्र बदलायचं तर दोन ठिकाणी. सहा महिन्यांनी कुणीतरी एकीत बदल करतं, दुसरीत विसरतं, आणि मग लहान चार्ट एक सांगतो, मोठा दुसरं.

आणि मुख्य म्हणजे बुकमार्क माणसाने बटण दाबल्यावरच चालतो. ‘राज्य निवडलं की आपोआप मोठा चार्ट दाखव’ हे त्याला जमत नाही.

दुसरा जुगाड : रिकाम्या चार्टचा

आपोआप हवंच असेल तर थोडं फिरवून घ्यावं लागतं. एक छोटं सूत्र लिहायचं, की निवडलेले जिल्हे १२ किंवा त्याहून कमी असतील तर १, नाहीतर ०. मग लहान चार्टला अट घालायची, की हे सूत्र १ असेल तरच डेटा घे. मोठ्या चार्टला उलटी अट, ० असेल तरच घे. दोन्ही एकमेकांवर ठेवायचे, पार्श्वभूमी पारदर्शक करायची, शीर्षकालाही तेच सूत्र जोडायचं. आता पुणे विभाग निवडला की मोठा चार्ट रिकामा होतो, म्हणजे दिसेनासा होतो, आणि लहान भरतो. राज्य निवडलं की उलट.

हे बघायला फार छान वाटतं. पण रिकामा चार्ट दिसत नाही म्हणजे तो तिथे नाही असं नव्हे. तो काचेसारखा वर पडून असतो. खालच्या चार्टवर क्लिक करायला गेलं की क्लिक काचेवर पडतं, खालच्याला काही कळतच नाही. रिपोर्ट बघणारा वैतागून दहा वेळा माउस आपटतो. म्हणून जिथे क्लिक करून आत शिरायचं असतं, अशा पानावर मी ही युक्ती वापरत नाही. नुसतं बघायचं पान असेल तर चालतं.

मग बाकीच्यांकडे काय सोय आहे?

टॅब्लो हे याच क्षेत्रातलं जुनं नाव, २०१९ पासून सेल्सफोर्सच्या मालकीचं. तिथे डॅशबोर्डवर वस्तू दोन प्रकारे ठेवता येतात. एक तरंगत्या, म्हणजे आपली एसटीची सीट. दुसऱ्या फरशीसारख्या एकमेकींना चिकटून, आडव्या किंवा उभ्या कप्प्यात. या कप्प्यातली एक वस्तू लपवली, की बाकीच्या पसरून तिची जागा घेतात. हा लोकलचा बाक! पूर्वी इथेही चार्ट लपवायला फिल्टरचे उलटेसुलटे खेळ करावे लागायचे. २०२२.३ या आवृत्तीत ‘डायनॅमिक झोन व्हिजिबिलिटी’ नावाची सोय आली आणि वस्तू दिसावी की नाही हे हो-नाही अशा एका सूत्रावर सोडता आलं. अट एकच, त्या सूत्राचं उत्तर एकच असलं पाहिजे, चार्टमधल्या प्रत्येक ओळीला वेगळं नाही. माझ्या शेतीपंपाच्या रिपोर्टला हे अगदी फिट बसलं असतं. पण कंपनीकडे टॅब्लो नव्हतं आणि एका चार्टसाठी सॉफ्टवेअर बदला म्हणायची माझी हिंमत नव्हती.

खरी गंमत पुढे आहे. डेटाप्रमाणे चार्टची उंची बदलण्याची सोय मायक्रोसॉफ्टकडेच आहे, आणि तीही पॉवर बीआयच्या जन्माच्या आधीपासून!

तुमचं बँकेचं स्टेटमेंट आठवा. महिन्यात चार व्यवहार केले तर अर्धं पान, शंभर केले तर चार पानं. तक्ता लांबला की खालचा मजकूर आपोआप खाली ढकलला जातो. अशा छापायच्या रिपोर्टला ‘पेजिनेटेड रिपोर्ट’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टचं रिपोर्टिंग सर्व्हिसेस हे सॉफ्टवेअर २००४ पासून हे काम करतंय आणि त्याच घराण्यातलं ‘पॉवर बीआय रिपोर्ट बिल्डर’ आज फुकट उतरवून घेता येतं. यात चार्टच्या गुणधर्मांमध्ये ‘डायनॅमिक हाइट’ आणि ‘डायनॅमिक विड्थ’ असे दोन रकाने असतात. तिथे थेट सूत्र लिहायचं.

समजा मी लिहिलं, की उंची म्हणजे १ इंच अधिक जिल्ह्यांची संख्या गुणिले पाव इंच. पाच जिल्हे असतील तर सव्वादोन इंच. ३६ असतील तर १ अधिक ९, म्हणजे १० इंच. ए-फोर कागद ११.६९ इंच उंच असतो, म्हणजे समास सोडून अख्खं राज्य एका पानावर बसलं. ना बुकमार्क, ना दोन प्रती, ना काच. रिपोर्ट बनवताना पडद्यावर चार्ट मूळ आकारातच दिसतो, बदल फक्त चालवून बघितल्यावर कळतो, एवढंच लक्षात ठेवायचं. यात तोटा असा, की हा रिपोर्ट वाचायचा, छापायचा किंवा पीडीएफ करून पाठवायचा. पट्टीवर क्लिक केली आणि शेजारचा चार्ट लगेच बदलला, ही मजा त्यात नाही.

दोन्ही हवं असेल तर तिसरा रस्ता प्रोग्रॅमरचा. पॉवर बीआयचा रिपोर्ट स्वतःच्या वेबसाइटमध्ये बसवता येतो आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टने जावास्क्रिप्टची एक लायब्ररी दिली आहे. तिच्यातून एखाद्या व्हिज्युअलला ‘इथे सरक’, ‘एवढा मोठा हो’, ‘लप’, ‘दिस’ असे हुकूम देता येतात आणि तेही रिपोर्ट चालू असताना. म्हणजे जे काम रिपोर्ट बनवणाऱ्याला करता येत नाही, ते वेबसाइट बनवणाऱ्याला करता येतं. पण त्यासाठी वेबसाइट हवी, प्रोग्रॅमर हवा आणि दर महिन्याचा खर्च हवा. एखाद्या कंपनीने ग्राहकांसाठी पोर्टल बनवलं असेल तर ठीक. सोमवारच्या मीटिंगसाठी हे म्हणजे डास मारायला तोफ.

आणि हो, आपलं एक्सेल!

एक्सेलमध्ये तुम्ही कधी तक्त्याला फिल्टर लावला आणि शेजारचा चार्ट एकदम चपटा झाला किंवा गायबच झाला, असं झालंय का? घाबरून फाइल बंद केली असेल तर तुम्ही एकटे नाही. एक्सेलमध्ये चार्ट खालच्या चौकोनांना चिकटलेला असतो. ओळी लपल्या की त्यांच्यावर बसलेला चार्टही तेवढा आक्रसतो. ही चूक नाही, तो मूळ पर्याय आहे. चार्टवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट चार्ट एरिया’त आकाराच्या रकान्यात गेलात, की तीन पर्याय दिसतील. चौकोनांबरोबर सरक आणि लहान-मोठा हो. नुसता सरक, आकार बदलू नको. किंवा काहीच करू नको. तिसरा निवडला की फिल्टर लावला तरी चार्ट जागचा हलणार नाही.

जे काम पॉवर बीआयमध्ये होत नाही म्हणून लोक हैराण आहेत, ते एक्सेलमध्ये न मागता होतं म्हणून लोक हैराण आहेत.

पण सगळंच हलावं का?

इतके जुगाड करून झाल्यावर माझं मत थोडं बदललंय. वाढलेलं ताट आठवा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. जेवणारा न बघता हात नेतो आणि वाढणाराही न विचारता वाढतो. रोज बघायच्या डॅशबोर्डचंही असंच आहे. एकूण विक्री वर डावीकडे असते, हे महिनाभरात डोळ्यांना कळतं. उद्या एखादा चार्ट मोठा झाल्यामुळे ती खाली ढकलली गेली, तर वाचणारा रोज नव्याने शोधत बसेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चार्टचा आकार बदलला की त्याचा अर्थही बदलल्यासारखा वाटतो. तोच रेषांचा आलेख उभट चौकटीत टाका, चढ डोंगरासारखा दिसेल. लांबट चौकटीत टाका, तोच चढ माळरानासारखा सपाट. आकडे तेच! अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये यावरच एक निबंध लिहिला होता. रेषांचे उतार ४५ अंशांच्या आसपास असतील तर त्यांची तुलना डोळ्यांना सर्वांत सोपी जाते, अशी त्यांची मांडणी होती. आता विचार करा, विभाग बदलला की चौकट बदलतेय आणि साहेब पुण्याचा चढ नागपूरच्या चढाशी ताडून बघतायत. पुण्याचा आलेख उभट चौकटीत आणि नागपूरचा लांबट चौकटीत दिसला, तर पुणे सुसाट आणि नागपूर सुस्त वाटणारच. पट्ट्यांच्या चार्टमध्ये हा धोका कमी, कारण तिथे उंची वाढली तरी पट्टीची लांबी तीच राहते. रेषांच्या आलेखाला मात्र मी आकार बदलू देत नाही, कुणी कितीही मागणी केली तरी.

बऱ्याचदा आकार बदलण्याची गरजच नसते, चार्टमध्ये काय दाखवायचं ते बदललं तरी पुरतं. २०२२ मध्ये पॉवर बीआयमध्ये ‘फील्ड पॅरामीटर’ आले. त्यामुळे एकाच चार्टमध्ये बघणाऱ्याला विभाग हवेत की जिल्हे, हे त्याचं तो निवडू शकतो. चौकट तीच, आतला मजकूर वेगळा. सहा विभागांना ३०० पिक्सेल रग्गड होतात. एखाद्या विभागात खोट दिसली तर तेवढा विभाग निवडून त्याचे जिल्हे बघायचे.

माझ्या त्या रिपोर्टचं पुढे काय झालं? मोठ्या उत्साहाने मी दोन प्रतींचा जुगाड बसवला, तीन आठवडे चालवला आणि मग काढून टाकला. मीटिंगमध्ये बटण दाबायचं कुणाच्या लक्षातच राहायचं नाही. शेवटी दोन गोष्टी केल्या. सगळ्या जिल्ह्यांसाठी १२८० बाय १००० चं वेगळं उंच पान बनवलं, लॅपटॉपवर बसून वाचणाऱ्यांसाठी, रुंदीला मावेल असं. त्यात ३६ च्या ३६ पट्ट्या स्क्रोलशिवाय चार्टमध्ये बसल्या. आणि टीव्हीवरच्या पानात चार्टचा आकार तोच ठेवून फक्त क्रम उलटा केला. सगळ्यात कमी विक्रीचा जिल्हा वर. शीर्षकाला सूत्र जोडलं, ‘कमी विक्रीचे जिल्हे आधी, एकूण जिल्हे ३६’. विभाग निवडला की तो आकडा बदलतो, म्हणजे खाली आणखी काही आहे का हे टीव्हीसमोर बसलेल्यालाही कळतं.

पुढच्या सोमवारी टीव्ही सुरू झाला आणि साहेबांनी पहिलं विचारलं, “हा चार्ट उलटा का लावलाय?” मी उत्तर द्यायच्या आत सगळ्यात वरच्या जिल्ह्याचा विक्री प्रतिनिधी खुर्चीत सावरून बसला होता.